काडीताईच्या पोटातली चरबी

सगळे तिला काडीताई म्हणायचे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं ती चादरींना इस्त्री करत होती. अंगावर मूठभर मांस चढलं नव्हतं. आठ तास उभ्यानं काम, आणि मशीनपाशीच चार चमचे साखरेचा चहा नि बिस्किटांचा पुडा. जेवायला बसलं की पुन्हा उठवत नाही, म्हणायची.

एका दुपारी तिला चक्कर आली आणि हात इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळाला टेकला. भाजलं बटणाएवढंच, पण सहा आठवडे जखम भरेना. मलमपट्टी करणाऱ्या नर्सबाईंनी रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली निघाली. पोटात वरच्या अंगाला दुखतं, हेही ती बोलून गेली, म्हणून सोनोग्राफी झाली.

"तुमच्या स्वादुपिंडात चरबी साठलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं आपलं मनगट पुढं केलं. "माझ्यात? दुसऱ्या कुणाचा कागद असेल, बाई."

"तुमचाच आहे. चरबी बाहेर दिसतेच असं नाही. काहींच्या ती आतच साठते. साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं. तिथं चरबी शिरली की त्याचं काम मंदावू शकतं."

"मग औषध?"

"साखरेवर गोळी देते. चरबीवर वेगळी गोळी नाही. गोड, तळलेलं कमी करा. वेळेवर जेवा. चाला."

"दिवसभर पायांवरच असते की मी!"

"उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, ताई."

थोरली बहीण अंगानं चांगली भरलेली. रिपोर्ट ऐकून ती आधी खो खो हसली. "जन्मभर मला म्हणालीस, कमी खा गं, कमी खा!" आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी काडीताई मुकादमासमोर उभी राहिली. "साहेब, मला वीस मिनिटं बसून जेवायचंय."

"मग बसा की. नको कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. कपड्यांच्या गाठोड्यावर बसून तिनं डबा उघडला.

बिनसाखरेचा चहा महिनाभर तिला काढ्यासारखा लागला. संध्याकाळी बहीण दारात चपला घालून तयार असे. काडीताईचे पाय शिशासारखे जड झालेले असत. "आज नको गं," ती म्हणे. "नको तर नको, कोपऱ्यापर्यंत चल," बहीण म्हणे. कोपऱ्यावर पोचल्यावर पुढचा कोपरा दाखवी.

वर्षभरात जखमेचा नुसता डाग उरला. साखर उतरली, गोळी अर्ध्यावर आली. नव्या सोनोग्राफीत चरबी थोडी कमी दिसली, गेली नव्हती.

"छान चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चालू ठेवा."

"किती दिवस?"

"कायमचं."

काडीताईनं मान डोलावली. रिपोर्टची घडी पिशवीत सारली, खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि कामाला उशीर होईल म्हणून निघाली.