थोरल्या साडूंचा धबधबा

देवानं सृष्टी निर्माण केली खरी, पण शेवटचा हात फिरवायचा राहून गेला आणि ते काम आपल्याकडं आलेलं आहे, अशी आमच्या थोरल्या साडूभाऊंची पक्की समजूत आहे. धाराशिवात त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. दुकान उत्तम चालतं, कारण साडूभाऊ त्यात नसतात. ते कुठल्यातरी माळावर, पाठीला गॅस सिलिंडरएवढी बॅग लावून, आभाळाकडं बघत उभे असतात. बॅगेत एक कॅमेरा, लांबचं बघायची लेन्स, रुंद बघायची लेन्स, आणि आणखी एक लेन्स, जिचं काम काय ते मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची सोयही नाही. विचारलं की माणूस तासाभराचा गेला. निसर्गाचा फोटो काढायला निसर्ग लागतो हे त्यांना मान्य आहे, पण तो शेवटी लागतो. आधी सामान पाहिजे.

त्यांचा तिपाई स्टँड हा तर वेगळाच विषय आहे. येडशीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला त्यांनी एकदा तो उभा केला आणि मान वाकवून कॅमेऱ्यात बघायला लागले. जरा वेळानं मागं वळून पाहतात तर शेतकऱ्यांचा घोळका. रस्ता रुंद होणार आणि हे मोजणीचे साहेब, असं सगळ्यांनी धरलेलं. एक म्हातारे हात जोडून म्हणाले, "सायेब, तेवढी हीर वाचवा. बाकी काय जाईल ते जाऊ द्या." साडूभाऊंनी परोपरीनं सांगितलं, की मी फक्त डोंगराचा फोटो काढतोय. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. डोंगर काय पळून चाललाय व्हय, असं एकानं विचारलंसुद्धा. शेवटी चहा झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या, आणि साडूभाऊ विहीर वाचवण्याचं आश्वासन देऊन परत आले. तो रस्ता पुढं रुंद झालाच नाही. त्या गावात अजून त्यांना मान आहे.

फोटो काढणं हे त्यांच्या लेखी निम्मंच काम. खरं काम संगणकावर. "मोबाइलचा फोटो म्हणजे हॉटेलातली भाजी," ते म्हणतात, "कुणीतरी शिजवून समोर ठेवलेली. आमची रॉ फाइल म्हणजे मंडईतली. निवडायची आपण, फोडणी आपण द्यायची." आणि ही निवडानिवड ते इतकी कडक करतात की ताटात काही उरत नाही. विजेच्या तारा काढल्या, डोंगरावरच्या पवनचक्क्या काढल्या, शेळ्या काढल्या. एका मित्राच्या शेताचा फोटो त्यांनी मोठ्या हौसेनं फ्रेम करून दिला. मित्र बघतच राहिला. म्हणाला, "आरं, माझा लायटीचा खांब कुठंय? हेलपाटे घालून घालून चपला झिजल्या तवा तो खांब उभा राहिला, आन् तू एका बोटानं उपटला?" फ्रेम त्यानं घरात लावली, पण भिंतीकडं तोंड करून.

माणसांबद्दल तर विचारूच नका. "माणूस हा लँडस्केपमधला डाग आहे," असं ते एकदा जेवायला बसताना बोलून गेले. आमच्या मेहुणीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मग आज डागाच्या हातची भाकर कशाला? डोंगराकडूनच मागवा की." पण साडूभाऊ बधले नाहीत. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी दिवसभर फोटो काढले, आणि त्यात मंडपामागची टेकडी होती.

अशा या माणसाच्या आयुष्यात एकच फोटो काढायचा राहिला होता, तो नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा. किल्ल्यात बोरी नदीवर जो दगडी बांध आहे, त्यावरून पाणी दोन धारांनी खाली पडतं. पण वरचं धरण भरून वाहिलं तरच. आमच्याकडं ते कधी भरेल याचा नेम नाही. काही वर्षं नुसती कोरडीच गेली होती. आणि नळदुर्ग हे आम्हा दोघांचं सासर. आमचे सासरे, म्हणजे मामा, एसटीत ड्रायव्हर होते. पाणी सुटलं की ड्युटी संपवून खाकी कपड्यातच किल्ल्यात जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. गेल्या पावसाळ्यात पाणी सुटलं, तेव्हा मामा खुब्याचं हाड मोडून खाटेवर होते. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलेलं. आल्यागेल्याला ते एकच विचारायचे, "दोन्ही धारा चालू हायेत का वो?" आणि आपलं हे बघणं आता कायमचं चुकलं, असं म्हणून तोंड फिरवायचे. त्यांचं ते तोंड फिरवणं बघवत नव्हतं. साडूभाऊ खाटेजवळ गेले आणि छाती ठोकून म्हणाले, "मामा, धबधबा तुमच्या खोलीत आणून दाखवतो. ही माझी जबाबदारी."

आम्ही किल्ल्यात गेलो. स्टँड अर्थातच माझ्या खांद्यावर. सगळं नळदुर्ग लोटलेलं, वर सोलापूरचेही आलेले. छत्र्या, भाजलेली कणसं, तुषारांत भिजून किंचाळणारी पोरं, आणि पाण्याचा असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं. साडूभाऊंनी आधी दोन-चार चाचणीचे फोटो घेतले आणि मग लेन्सवर एक काळीकुट्ट काच चढवली. ती लावली की कॅमेरा बराच वेळ डोळा उघडा ठेवून बसतो. जे हलतं ते पुसून जातं, जे थांबतं ते उरतं. उरलेसुरले लोक त्यांनी घरी संगणकावर निपटले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मामांच्या खाटेवर ठेवला. मामांनी चष्मा पुसला, लावला, बराच वेळ बघितलं. फोटो खरोखर देखणा होता. काळा बांध, त्यावरून दुधासारखं पांढरं पाणी, वर जांभळं आभाळ.

"लई झ्याक हाय," मामा म्हणाले. "कुठलं हे?"

"आपलंच की मामा! नर-मादी!"

मामांनी परत बघितलं. "पाणी पडंना झालंय की हे. धुतलेलं धोतर वाळू घातल्यावानी दिसतंय. आन् माणसं कुठं गेली? पाणी सुटलं आन् किल्ल्यात माणूस न्हाय, असं कसं व्हईल?" मग जावयाचं मन दुखेल हे त्यांच्या ध्यानात आलं. "न्हाय, तुम्ही केलंय म्हंजे चांगलंच आसंल," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

साडूभाऊंचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पडलेला पाहिला. मला फार वाईट वाटलं. मग कसलीही चर्चा न करता त्यांनी चाचणीचे फोटो उघडले, काळ्या काचेच्या आधीचे, न निवडलेले, न धुतलेले. त्यात सगळं नळदुर्ग होतं.

"आरं तिच्या!" मामा कोपरावर उठून बसायला लागले, त्यांना धरावं लागलं. "थांबा, ह्याचं तोंड मोठं करा. ह्यो आमच्या डेपोतला मेकॅनिक! टकला झाला की पार! आन् ही बाई कुणाची? छत्री उलटी झाली बघा तिची!" साडूभाऊ चेहरे मोठे करत गेले. त्या महागड्या कॅमेऱ्यात गर्दीतल्या माणसाच्या कपाळावरचं गंधसुद्धा स्पष्ट दिसत होतं. दुपार त्यातच गेली. मामा हसून हसून खोकले. आणि मग एकदम म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कुठं हाय ह्यात?"

"मी फोटो काढत होतो की मामा."

"ते झालं वो. पण आलता न्हवं तुम्ही? मग दिसाय पायजे. बघणाराला कळाय नको, आमचा जावई आलता म्हणून?"

संध्याकाळी साडूभाऊ मला परत किल्ल्यात घेऊन गेले, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः गर्दीत, कणीसवाल्याच्या शेजारी, हात कुठं ठेवावेत न कळून उभे राहिले. मी बटण दाबलं. तुषार उडून त्यांचा एक डोळा मिटला होता, तसाच आला. तोच फोटो मोठा करून मामांच्या खाटेसमोर लागला. भेटायला येणारे म्हणायचे, "यंदा लई पाणी सुटलं वो!" मामा म्हणायचे, "सुटलं आसंल. ह्यो बघा, निळ्या शर्टातला. आमचा थोरला जावई."

मामा हिवाळ्यात गेले. यंदा पुन्हा धरण भरलं, दोन्ही धारा सुटल्या. आम्ही गेलो. साडूभाऊंनी सगळं सामान मांडलं, गर्दीसकट भरपूर फोटो काढले, नेहमीसारखे माझ्यावर ओरडले. परत येताना तुळजापूरच्या अलीकडं म्हणाले, "चांगले आलेत वो. पण दाखवायचे कुणाला?"

मी म्हटलं, "मला दाखवा."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर दोघांनी डोकी घातली आणि एकेका माणसाचं तोंड मोठं करून आम्ही अंधार पडेपर्यंत बघत बसलो.