नानांचं सफरचंद

नानांना 'नाही' हा शब्द उच्चारताच येत नसे. गणपतीची वर्गणी असो, शेजाऱ्याला शिडी असो, की परवा लग्न आणि आज पत्रिका हवी म्हणणारा एखादा महाभाग असो, सगळ्यांना एकच उत्तर: हो. निस्तरायला मी होतेच. मी आदळआपट केली की ते हसून म्हणत, "अगं माय, तोंड उघडून विचारणं माणसाला सोपं असतं का? इचारस तं हा म्हणानं." विचारतोय ना, मग हो म्हणावं. नाना मूळचे पाचोऱ्याकडचे. गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलत, पण आतलं काही निघालं की ते अहिराणीतच निघे.

जळगावात नव्या पेठेत त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता आणि मी तिथे मजकूर जुळवायला होते. जुळणीचे शिशाचे खिळे जाऊन संगणक आले तेव्हा सगळ्या गावाने जो संगणक घेतला तो नानांनी घेतला नाही. मुंबईत त्यांनी मॅक नावाचा वेगळाच संगणक पाहिला, त्यावर उमटलेला मराठी 'श्री' पाहिला आणि तिथेच विरघळले. विक्रेत्याने "देऊ का?" विचारलं. पुढचं सांगायला नकोच. मशीनवर सफरचंदाचं चित्र, म्हणून आम्ही त्याला सफरचंद म्हणायचो. "केळीच्या गावात सफरचंद कशाला लावलं, नाना?" असं येणारा-जाणारा चिडवायचा. नाना म्हणायचे, "फळ येऊ दे, मग बोल."

फळ बरं आलं. आमच्या पत्रिकांची अक्षरं अशी उठून दिसायची की शिरपूरपासून लोक यायचे. पण गावभरच्या पोरांच्या फ्लॉप्यांमध्ये जे खेळ असत, त्यातला एकही आमच्या मशीनवर चालत नसे. नानांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. धुळ्याला जाऊन येईपर्यंत नव्हतं, असं म्हणू.

धुळ्याला त्यांचे साडू, म्हणजे अक्कांच्या बहिणीचे यजमान. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. धाकट्या मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला होता, आणि घरात दिवसभर बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा अक्का मिटूनच गेल्या होत्या. जेवण करायच्या, वाढायच्या, खिडकीशी बसायच्या. आणि त्या अक्का साडूंच्या संगणकावर एकट्याने खेळायचे पत्ते लावताना खदखदून हसल्या. परतल्यावर नाना मला म्हणाले, "माय, मी तिला किती दिवसांनी हसताना पाहिलं! पण यष्टीत बसल्यावर विचारते कशी, 'आपल्या मशीनमध्ये पत्ते नाहीत का हो?'"

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, आणि उत्तर 'नाहीत' असं होतं. नानांचा जीव कासावीस झाला.

आमच्या मशीनमध्ये होतं एक कोडं, सफरचंदाचे सरकवलेले तुकडे जुळवायचं. ते अक्कांना दाखवलं. त्यांनी जुळवलं आणि म्हणाल्या, "चिरलेलं फळ पुन्हा किती वेळा जोडायचं?" झालं, त्या परत खिडकीशी.

मग नानांनी साडूंकडून पत्त्यांची फ्लॉपी मागवली. मी पुढे गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवत होते, तेवढ्यात नानांनी ती स्वतःच मशीनमध्ये सारली. आत येऊन बघते तर नाना प्रसन्न. "काय अदबीचं मशीन आहे गं! 'करू का?' म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तर पुन्हा विचारलं, 'नक्की ना?' इतका आग्रह आजकाल जेवायला बसवून कोणी करत नाही!"

मी पडद्याकडे धावले. मशीन विचारत होतं की ही फ्लॉपी मला वाचता येत नाही, पुसून नवी करू का? आणि दुसऱ्यांदा विचारलं, की आतलं सगळं जाईल, चालेल ना?

"नाना, हो काय म्हणालात! पुसली ना ती!"

"बठ्ठं गयं?" नाना मटकन खुर्चीत बसले.

सगळं गेलं होतं. पत्ते तर गेलेच, पण साडूंच्या मुलाचा लग्नासाठीचा बायोडेटाही त्याच फ्लॉपीत होता. साडूंनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटी मी तो बायोडेटा सफरचंदावर नव्याने केला, वर झोकदार गणपती, खाली वेलबुट्टी. त्याच कागदावर मुलाचं जमलं. नाना पुढे वर्षानुवर्षं सांगत, "फ्लॉपी पुसली म्हणून साडूंना सून मिळाली." धन्य!

पण पत्त्यांचा ध्यास सुटला नाही. कागद आणायला मुंबईला गेले की नाना दुकानादुकानात विचारत, "हे सफरचंदावर चालस का?" दुकानदार बेधडक "चालेल" म्हणे, नाना विश्वास ठेवत, आणि इथे आल्यावर काही केल्या चालत नसे. मी म्हटलं, "नाना, तेही तुमच्यासारखेच. कोणाला नाही म्हणत नाहीत." त्यावर नानांनी ती फ्लॉपी उचलून खणात टाकली. जिव्हारी लागलं असावं.

अखेर मशीन दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनियरने खराखुरा सफरचंदाचा पत्त्यांचा खेळ परदेशातून मागवून दिला. यायला इतके महिने लागले की आम्ही आशा सोडली होती. खोका आला तो ऐन लग्नसराईत. नानांनी त्याला हळदकुंकू लावलं, अक्कांना रिक्षातून आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर हिरव्या कापडावर पत्ते पडले. अक्का बघत राहिल्या, मग नानांकडे वळून म्हणाल्या, "माझ्यासाठी?"

नाना नुसतेच मान हलवत राहिले. तोंडातून 'हो' निघेना.

त्यानंतर अक्का रोज दुपारी डबा घेऊन येत आणि उठायचं नाव घेत नसत. रावेरकडचा एक केळीवाला बागायतदार मुलीची पत्रिका घ्यायला आला, तर नाना म्हणाले, "जरा थांबा, मशीनवर अर्जंट काम चालू शे." तो आत जाऊन अक्कांच्या मागे उभा राहिला. थोड्या वेळाने आतून त्याचाच आवाज, "अहो अक्का, लाल नव्वीवर काळी अठ्ठी टाका की!" पत्रिका राहिली बाजूला. मी कपाळावर हात मारला, आणि अक्कांच्या हसण्याने सगळा छापखाना भरला.

नाना गेले ते अचानक. छापखाना मुलाने बंद केला. सामान काढायला तो पुण्याहून आला तेव्हा अक्कांनी मलाही बोलावलं होतं. भंगारवाला दारात उभा. मुलगा सफरचंदावर हात ठेवून म्हणाला, "आई, हे देऊन टाकू का?"

अक्कांनी हाताने पडद्यावरची धूळ पुसली.

"कोणी वापरत नाही आता असलं. देतो हं. नक्की ना?"

"नही," अक्का म्हणाल्या. अक्कांच्या तोंडून असा नकार मी पहिल्यांदाच ऐकला. "दोनदा इचारं तरी नही."

सफरचंद अक्कांच्या खोलीत गेलं, त्यांच्या खिडकीशी. संध्याकाळी निघताना मी डोकावले. अक्कांचा डाव अडकला होता. पडद्यावर चौकट आली: नवा डाव मांडायचा का?

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"इचारस तं हा म्हणानं," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबलं.