लोकरीची कातर

आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात मेंढरं राखणारी एक बाई रांगेत माझ्या पुढे होती. दारू पिऊन घरच्या उंबऱ्यावर आपटलेल्या नवऱ्याला तिनं आणलं होतं. त्याच्या जखमेभोवतीचे केस तिनं लोकरीच्या कातरीनं नीट कापले होते, जखमी मेंढराचे कापतात तसे.

"कसं लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाय घसरला," नवरा पुटपुटला.

"न्हाई. दारू पिऊन पडला, तसंच लिवा," ती आवाज न चढवता म्हणाली. "मेंढरानं काय खाल्लं ते आमी लपवत न्हाई, तवाच विलाज बराबर होतो. माणसाचं काहून लपवावं?"

मग माझा नंबर आला. मी हाताचा रक्ताळलेला रुमाल सोडला. 'न्हाणीत घसरलो' हे घरून पाठ करून आणलेलं वाक्य तोंडातून निघालंच नाही.