दौंडच्या माणसासाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या महिला मंडळात एक जुनी पद्धत आहे. रोज भाताचे तांदूळ धुवायच्या आधी घरच्या बाईनं एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, टाकताना एका ओळीची प्रार्थना करायची, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो डबा चर्चमध्ये आणायचा. ‘पिडि अरिसी’ म्हणतात त्याला, मुठीचा तांदूळ. रोज डोकावलात तर डब्यात काही वाढलेलं दिसत नाही. आणि महिनाअखेरीला झाकण लागत नाही!

या मंडळातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आता सामान बांधायला घेतलंय, तर म्हटलं थोडे तुमच्या ओंजळीत टाकावेत.

मी विजया, नगरची. ह्यांची रेल्वेत नोकरी, ऑफिस एग्मोरला, आणि राहायला आम्ही अंबत्तूरला. नऊ वर्षांपूर्वी बदली होऊन चेन्नईला आलो, ते आईला सांगून: “दोन वर्षांचा तर प्रश्न आहे गं!”

आई दर रविवारी उपासनेहून आली की फोन करते. पहिलं वाक्य ठरलेलं. “कधी येतेस?”

*

आल्या आल्या पहिल्याच महिन्यात मी महिला मंडळाच्या सभेला गेले. तमिळच्या नावानं शून्य. एक शब्द घोकून गेले होते, ‘सरी’. म्हणजे बरं, ठीक आहे.

पंधरा बायका होत्या. कुणी काही विचारलं की मी मान हलवून म्हणायची, “सरी.” त्या हसायच्या, मी हसायची. मग पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोनं, माझ्याकडे बघून बरंच लांबलचक काहीतरी विचारलं. बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी दोनदा म्हटलं, “सरी, सरी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला! दोघींनी तर येऊन मिठीच मारली. मला इतकं भरून आलं. परक्या गावात कोण एवढं करतं हो?

संध्याकाळी पाळकीणबाईंचा फोन आला, इंग्रजीत. त्या शाळेत शिकवायच्या, मंडळाला वेळ देता येत नव्हता. म्हणाल्या, “सात वर्षं मी अध्यक्ष शोधत होते. सगळ्या नाही म्हणायच्या. तुम्ही पहिल्याच दिवशी हो म्हणालात!”

फोन ठेवून मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, “मला हो म्हणायला तू आठ महिने घेतले होतेस.”

*

अध्यक्षीणबाई झाले ती झाले, आणि अंगात आलं. मुठीचा तांदूळ जमला की तो विकायचा आणि पैसे गरजू घरात द्यायचे अशी रीत होती. मी म्हटलं, “विकायचा कशाला? आपणच शिजवू आणि सगळ्या चर्चला जेवू घालू!” नगरकडे आमच्या चर्चमध्ये प्रीतिभोजनाला हंडे चढायचे, ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण अध्यक्षीण बोलली! सगळ्यांचे डबे एका पिंपात रिकामे झाले, आणि ते पिंप मोठ्या पातेल्यात.

आता मला काय ठाऊक की इथे एका घरात उकडा तांदूळ खातात, दुसऱ्यात कच्चा, कुणी इडलीचाच मूठ मूठ टाकते, आणि कुणी महिनाभर जुना नि दुसरी कालच आणलेला! अर्ध्या तासात निम्म्याची पेज झाली आणि निम्मा दाताखाली कट्‌कन वाजायला लागला. आणखी पाणी घातलं, तर पेजेची खळ झाली. बाकीचा तसाच!

आमच्यात सगळ्यांत वयस्कर तवमणी पाट्टी. पाट्टी म्हणजे आजी. तोंडात दात चार, पण जिभेला धार. तिनं पळीभर वर काढून बघितलं आणि म्हणाली, “अम्मा, हा भात नाही, ही आपली मंडळी आहे. कुणी विरघळलंय आणि कुणाला अजून वाफच लागली नाही.”

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी त्यावर अख्खा उपदेश दिला.

*

मंडळाची एक प्रार्थनावही आहे. ती लिहायचं काम मेरी अक्काकडे. पोस्टातून रिटायर झालेली, बोलायला कमी, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. सभेत ज्या बाईला जे मागायचं असेल ते तिनं सांगायचं, आणि मेरी अक्कानं नंतर वहीत लिहायचं. दर महिन्याला नवं पान, जुन्या विनंत्या पुन्हा उतरवायच्या. मग महिनाभर वही घरोघर फिरते. प्रत्येकीनं दोन दिवस ठेवायची, वाचून प्रार्थना करायची आणि पुढच्या घरी द्यायची. देवानं ऐकलं की त्या ओळीपुढे लाल टिक. आणि टिक जिची विनंती, तिनंच मारायची.

सगळी वही तमिळमध्ये. मी बोलायला शिकले, भाजीवाल्याशी भांडायलासुद्धा शिकले, पण अक्षर काही डोक्यात शिरेना. मग वही माझ्या घरी आली की मी काय करायची? बायबलशेजारी ठेवायची, वर हात ठेवायचा आणि म्हणायची, “प्रभू, तुला तमिळ येतं. यात जे जे लिहिलंय ते ते सगळं होऊ दे. आमेन!”

सभेत मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. सगळ्या जरा गप्पच झाल्या. मला वाटलं, माझा विश्वास बघून भारावल्या.

*

माझी विनंती एकच, पहिल्या महिन्यापासून तीच. बदली.

रेल्वेत आम्हाला तिकडे जायचं तर म्युच्युअल लागतं. म्हणजे ह्यांच्याच हुद्द्याचा कुणीतरी माणूस तिकडून इकडे यायला तयार पाहिजे. तो इकडे, हे तिकडे. नगरला जवळ म्हणून आम्ही दौंड मागितलं होतं. तेव्हा दौंडला एखादा तमिळ माणूस असावा आणि त्याला घरी यावंसं वाटावं, एवढंच माझं मागणं.

पाट्टीनं विचारलं, “नाव काय त्याचं?”

“मला काय माहीत पाट्टी? तो आहे की नाही हेच ठाऊक नाही!”

“मग देव धरणार कुणाला?”

शेवटी बायकांनी त्याचं नाव ‘दौंड तंबी’ ठेवलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आणि दर महिन्याला गुडघे टेकून माझ्यादेखत काय काय मागायच्या! “प्रभू, दौंड तंबीला तिथलं सांबार गोड लागू नये!” “त्याला तिथे चांगला नारळ मिळू नये!” पाट्टी तर हात वर करून म्हणायची, “त्याला रोज स्वप्नात आई दिसू दे!”

त्या न बघितलेल्या माणसासाठी मागत होत्या ते मला न मागताच मिळालेलं. मला आई रोज दिसायची, ओसरीवर बसून लसूण सोलणारी.

*

एकदा आईनं पार्सलनं बाजरीचं पीठ पाठवलं. डबा उघडला आणि त्या वासानं मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, खोटं कशाला सांगू! त्या आठवड्यात आमच्या महिलांची महाबलिपुरमची सहल होती. कुणी काय आणायचं याची मी यादी करून दिलेली: एकीनं चटणी, एकीनं भाजी, एकीनं गोड. सगळ्यांनी “सरी” म्हटलं आणि सोळाच्या सोळा जणींनी चिंचेचा भात आणला! (‘सरी’चा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.)

मी मात्र बाजरीच्या वीस भाकरी थापून नेल्या होत्या, वर ठेचा. समुद्राच्या वाऱ्यात त्या चांगल्याच कडक झाल्या. पाट्टीनं एक हातात घेऊन उलटसुलट केली.

“कशाची?”

“बाजरीची. तुमचं कंबू.”

“कंबू?” पाट्टीला खरंच वाईट वाटलं. “आम्ही त्याची आंबील करून गारेगार पितो. तुम्ही बिचाऱ्याला एवढं बडवलंत कशाला?”

पण तिनं ताकात कुस्करून अख्खी भाकर खाल्ली. आणि दुसरी पदरात बांधून घेतली.

*

महिला रविवारी सगळी उपासना बायका चालवतात. त्या वर्षी मी हट्टच धरला, एक गीत मराठीत झालं पाहिजे. आई जात्यावर म्हणायची ते, ओवीच्या चालीचं. मेरी अक्कानं शब्द तमिळ अक्षरांत लिहून सगळ्यांना वाटले. महिनाभर तालीम केली. रविवारी सगळ्या चर्चच्या चाळीस बायका मोगऱ्याचे गजरे माळून उभ्या राहिल्या आणि गायल्या. मी पुढे उभी राहून हातानं ताल देत होते, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

रेकॉर्डिंग लगेच आईला पाठवलं. संध्याकाळी फोन आला.

“ऐकलं गं. फार गोड गातात. कुठली भाषा आहे?”

मी कपाळाला हात लावला!

मग म्हणाली, “चाल मात्र आपली वाटली. कधी येतेस?”

“प्रार्थना चालू आहे, आई.”

“आमच्याही मंडळात चालू आहे, दर बुधवारी. तिकडच्या बायकांना सांग, जरा जोर लावा म्हणावं!”

मी सभेत निरोप दिला. सगळ्या हसल्या. मेरी अक्का तेवढी हसली नाही, वहीत बघत बसली.

*

यंदा जानेवारीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. मी पंधरा दिवस जाऊन आले. निघताना तिनं “कधी येतेस” विचारलं नाही. नुसता माझा हात धरून ठेवला आणि मग आपणच सोडला.

फेब्रुवारीच्या सभेत माझी पाळी आली तेव्हा मला बोलताच येईना. तमिळ आठवेना, काही आठवेना. मी मराठीतच रडले, मराठीतच बोलले. “नऊ वर्षं झाली गं, नऊ वर्षं. तिनं आता विचारायचंसुद्धा सोडलं.” कुणाला शब्द कळला नसेल. पाट्टीनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि सभा तशीच संपली.

*

मार्चचा दुसरा आठवडा. मी डोशाचं पीठ वाटत होते, ह्यांचा फोन वाजला म्हणून मीच उचलला.

“नमस्कार वहिनी, साहेब हायेत का घरी?” अस्सल आमच्याकडची बोली!

आणि मी काय बोलावं? सवयीनं तोंडातून गेलं, “सोल्लुंगा, यारु?” म्हणजे बोला, कोण?

पलीकडे तो माणूस हसायला लागला. नाव सेल्वम. वीस वर्षं दौंडला, ह्यांच्याच हुद्द्यावर. म्युच्युअल मागणाऱ्यांच्या यादीतून ह्यांचा नंबर काढलेला. तो मराठीत बोलत होता, मी तमिळमध्ये, आणि दोघांनाही थांबवेना!

“वीस वर्षांत कधी वाटलं नाय वहिनी,” तो म्हणाला. “पोरं हितंच वाढली. पन मागल्या महिन्यापासून काय झालंय कळंना. घास उतरत नाय. रोज स्वप्नात आई येती.”

माझ्या हातातला फोन पिठात पडला.

*

ऑर्डर यायला पाच महिने गेले. त्या दिवसांत मी मेरी अक्काला म्हटलं, “नऊ वर्षं राहिले आणि अडाणी म्हणून जायचं, बरं दिसत नाही. मला वाचायला शिकव.” तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सरी.” रोज दुपारी तासभर यायची. आधी बसच्या पाट्या, मग गीतांचं पुस्तक, आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिहून आणलेल्या ओळी.

गेल्या शनिवारी माझी शेवटची सभा झाली. मेरी अक्कानं वही माझ्या मांडीवर ठेवली. “तुमची टिक राहिलीय.”

मी माझ्या पहिल्या महिन्याचं पान उघडलं. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. “विजयाम्माची बदली. प्रभू, घाई नाही.”

मला वाटलं चुकले. पुन्हा वाचलं. पुढचं पान उलटलं. “विजयाम्माची बदली. प्रभू, घाई नाही.” त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. ख्रिसमसच्या महिन्यात तर “मुळीच घाई नाही”!

“नऊ वर्षं?” माझा आवाज चढला. “माझी आई तिकडे... नऊ वर्षं तुम्ही सगळ्या हे वाचत होतात?”

सगळ्यांच्या माना खाली. पाट्टी तेवढी बोलली. “तुम्हीपण वहीवर हात ठेवून आमेन म्हणत होतात की!”

हसू का रडू तेच मला कळेना. पानं उलटत राहिले, नऊ वर्षांची पानं, घाई नाही, घाई नाही. आणि यंदाचा फेब्रुवारी आला. तिथे ओळ वेगळी होती. अक्षर तेच, पण मोठं आणि सुटं काढलेलं, मी कधीतरी वाचेन म्हणून काढल्यासारखं.

“विजयाम्माची आई वाट बघतेय. प्रभू, आता तिला जाऊ दे.”

मी वर बघितलं. मेरी अक्कानं लाल पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“मारा टिक,” ती म्हणाली. “विनंती तुमची. तुम्हीच मारायची.”