टाचणीबाईची नायिका घर सोडते

गल्लीतल्या त्या शिंपीणबाईला सगळे टाचणीबाई म्हणत, कारण ओठांत टाचण्या धरूनच ती बोलायची. दिवसभर शिवणकाम करायची आणि दुपारी जरा उसंत मिळाली की मोबाईलवर कथा लिहायची. दर आठवड्याला एक भाग. वाचक मोजकेच, पण जिभेला हाड नसलेले. नायिका घर सोडायचं ठरवते, त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं, "ताई, ही घर सोडतेय की भाजी आणायला निघालीये?"

ते तिच्या फार जिव्हारी लागलं. पुढचा भाग जमला नाही तर लिहिणंच बंद, असं तिनं देवापुढे हात जोडून ठरवून टाकलं.

माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. पात्राचं दुःखही आधी स्वतःच्या अंगावर चढवून बघायची. तिनं कपाटावरची बॅग काढली. घर सोडणारी आधी काय उचलेल? दागिने? छे! हात आपसूक स्वतः शिवलेल्या उशीच्या अभ्र्याकडे गेला, मग कात्रीकडे. "पुरे झालं," ती पुटपुटली, "आता नाही राहायचं मला इथं."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि आपले दोन कपडे नि गुडघ्याच्या तेलाची बाटली आणून त्यांनी बॅगेत कोंबली.

"आई, हे काय?"

"तू निघालीस ना? मग मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसू? तुझा नवरा माझ्या पोटचा असला तरी सांगते, त्याच्या भरवशावर मला टाकून जाऊ नकोस."

"अहो, कथेतली बाई निघालीये! मी कुठं जाते?"

सासूबाई मटकन पलंगावर बसल्या. "मेले, आधी सांगायचं नाही होय? जीव गेला असता माझा!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "तिला सासू आहे?"

"आहे. खाष्ट आहे."

"सगळ्यांच्या सासवा खाष्टच कशा गं? लिहायला सोप्या पडतात वाटतं!"

टाचणीबाईला हसू आवरेना आणि रडूही. तिथंच बसून तिनं भाग लिहून काढला. त्यात सासूही आपले कपडे घेऊन नायिकेच्या बॅगेपाशी आली.

भाग टाकला आणि संध्याकाळपर्यंत अभिप्रायांचा पाऊस पडला. टाचणीबाई एकेक वाचून दाखवत होती. कुणी रडलं होतं, कुणी आपल्या सासूला फोन लावला होता. एकानं मात्र लिहिलं, "छान आहे, पण अशी सासू खरी वाटत नाही."

सासूबाईंचा पारा चढला. "लिही त्याला, घरी येऊन बघ म्हणावं! आणि येताना तोंड बंद ठेवून ये."