तुरीच्या खळ्यावर गेलेला हात

पुण्याच्या डॉक्टरांनी माझा उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो ओल्या टॉवेलासारखा मांडीवर पडला.

"ब्रॅकिअल प्लेक्सस इंज्युरी," ते म्हणाले. मानेतून निघून हाताला जाणाऱ्या नसांचा जो जुडगा असतो, तो प्लेक्सस. माझ्या त्यातल्या वरच्या नसा मणक्यापासून मुळासकट उपटल्या होत्या. बोटं जेमतेम हलत होती, पण खांदा आणि कोपर गेलेलेच होते.

मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"

माझी बायको सुनंदा पिशवीतून जुने एक्स-रे काढायला लागली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कुठं होतो ते मला नीट माहीत होतं.

धर्मापुरीत माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. दुकानाच्या जिवावर मी साडेसहाशे सीसीची गाडी घेतली. चालू केली की छातीत हलायचं. रविवारी धारूरचा घाट चढायचा, वर चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढंच माझं व्यसन. हेल्मेट नेहमी घालायचो, त्या दिवशीही होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण आजही दुकानात येणारा प्रत्येक जण आधी वेग किती होता ते विचारतो. वेग काही नव्हता. वळणापलीकडे रस्त्यावर तूर पसरलेली होती.

आमच्याकडे सुगीत हे सर्रास चालतं. डांबरी रस्ताच खळं. पीक पसरायचं आणि मोकळ्या कडेला दगड मांडायचे, म्हणजे येणाऱ्याला पिकावरूनच जावं लागतं आणि मळणी फुकटात होते. ट्रक जातो, जीप जाते. दोन चाकांवरच्या माणसाचा विचार कोण करतो? तुरीच्या दाण्यांवर पुढचं चाक छर्र्यांवरून जावं तसं सरकलं. गाडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे, आणि उजवा खांदा थेट त्या दगडावर.

तूर माझ्या सख्ख्या चुलत्याची होती. दत्तूकाकांची.

दवाखान्यात त्यांनीच नेलं, हेही खरं. एक्स-रेत गळ्याजवळचं हाड मोडलेलं दिसलं. तिथल्या डॉक्टरांनी हात का उचलत नाही ते मोठ्या ठिकाणी दाखवायला सांगितलं. काका म्हणाले, कशाला, आपल्या ओळखीचा हाडवैद्य आहे. त्याने खांदा चोळला, लेप लावला, कामट्या बांधल्या. बोटं हलतात म्हणजे नस शाबूत, असं त्याने सांगितलं आणि सगळ्या घराने मान डोलावली. हाड जुळलं. हात मात्र लोंबतच राहिला. घरी भेटायला येणारे म्हणायचे, जिवावरचं हातावर निभावलं. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

काकाही रोज येऊन बसायचे. "तुला म्हनलं व्हतं, इतकी दांडगी गाडी घिऊ नको." रोज हेच. तुरीचं नाव एकदाही काढलं नाही.

तिसऱ्या महिन्यात सुनंदाने कोणालाही न विचारता मला पुण्याच्या गाडीत बसवलं.

तिथं ईएमजी झाली. स्नायूत सुई टोचून आत वीज येते का ते बघतात. माझ्या दंडातून काहीच येत नव्हतं. मग एमआरआय, मग वाट बघण्याची बाकडी. माझ्या शेजारी तसेच लुळे हात मांडीवर घेतलेले तरणे लोक बसलेले. सगळे गाडीवरून पडलेले आणि जवळपास सगळे उशिरा आलेले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नस तुटली की स्नायू वाट बघत वाळत जातो. सहा महिन्यांच्या आत आलात म्हणून करू या. नर्व्ह ट्रान्सफर म्हणजे एका कामाची नस दुसऱ्या कामाला जोडणं. हातातल्या उरलेल्या नसा अशक्त, म्हणून बरगड्यांमधल्या, श्वासाच्या नसा दंडाला जोडणार होते. मी एकच विचारलं, हा हात हँडलपर्यंत जाईल का? ते म्हणाले, "आधी तोंडापर्यंत जाऊ द्या. आणि हललाच, तर सुरुवातीला फक्त खोल श्वास घेताना हलेल."

ऑपरेशन झालं. मी घरी बसून श्वास घेत राहिलो. काही हललं नाही. गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली उभी होती. काकांनी दोनदा गिऱ्हाईक आणलं, दोन्ही वेळा मी दार लावून घेतलं.

सोयाबीन निघालं तेव्हा सुनंदाच्या स्कूटीवर मागे बसून मी चाललो होतो. तेच वळण, रस्ताभर सोयाबीन, कडेला ओळीने दगड. आणि बाजूला दत्तूकाका उभे.

मी स्कूटी थांबवायला लावली.

"सगळेच टाकतेत," काका म्हणाले. "मी एकट्यानंच काय केलं? रस्ता काय तुझ्या गाडीसाठी हाय का?"

इतके महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर येणार होतं. मी छाती भरून श्वास घेतला. तोंडातून शब्द निघायच्या आधी काकांचा चेहरा बदलला. ते माझ्या गळ्यातल्या, हात अडकवलेल्या झोळीकडे बघत होते.

"आरं, हात हालला की तुझा."

कोपर वाकला होता. थोडासाच, पण वाकला होता. सुनंदा रडायला लागली. काकाही रडले. मी नाही रडलो. मी आधी बोलून घेतलं, जे बोलायचं होतं ते सगळं, आणि काका खाली मान घालून दगड उचलेपर्यंत तिथून हललो नाही.

तुमच्या घरात कोणी गाडीवरून पडून हात उचलेना झाला, तर हाड जुळायची वाट बघू नका. त्याच आठवड्यात नसांच्या डॉक्टरांकडे न्या. सुनंदाचे आणि पुण्याच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. लोक सांगतात, आता राग सोड. फिजिओथेरपीची बाई रोज म्हणते, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. मी डोळे मिटतो, त्या दगडांची ओळ समोर आणतो आणि श्वास घेतो.

हात छातीपर्यंत येतो. हँडल त्याच उंचीवर आहे.