निळ्या पिंपातला प्रसाद

काळेवाडी मागं टाकून पवनेच्या पुलावर आलो आणि मी नाकाला पदर लावला. खाली जलपर्णी सडत होती. सावित्रीबाई मात्र कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. पदर नाही, रुमाल नाही.

"चला की," मी म्हटलं. "इथं कसला वारा खाताय? मळमळायला लागलंय मला."

"याच्यापेक्षा घाण वास परवा घेतला म्या," त्या म्हणाल्या. "थांबा ताई जरा. तुम्हाला सांगायचं हाय ते इथंच सांगते. देवाच्या दारात तोंडातून काढवणार नाही."

दर संकष्टीला आम्ही दोघी रहाटणीतून चिंचवडगावात मोरया गोसावींच्या देवळापर्यंत चालत जातो. सहा वर्षं झाली. वाटेत सावित्रीबाईंचं तोंड कधी बंद नसतं. सून, गुडघे, शेजारणीचं कुत्रं, सगळं येतं त्यात. त्या दिवशी घरापासून पुलापर्यंत बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, करिष्माशी वाजलं असेल. करिष्मा म्हणजे त्यांची सून.

सावित्रीबाई सिल्लोडकडच्या. नवरा, ज्योतीराम, चाकणला पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागला म्हणून वीस वर्षांपूर्वी इकडं आल्या. त्यांच्या भागात मका भरपूर. मक्याच्या पिठाची भाकरी नीट थापणं सोपं नाही, कडेनं चिरत जाते. यांच्या हातची चिरत नाही. तळवड्याला कंपन्यांच्या गेटसमोर हातगाडी लावून त्या मक्याची भाकरी, ठेचा आणि पिठलं विकायच्या. तिथं रोज एक मुलगा जेवायला यायचा, निरंजन. एक दिवस म्हणाला, "मावशी, याला मेक्सिकोत टॉर्टिया म्हणतात."

"म्हणू दे त्यांना," सावित्रीबाई म्हणाल्या. "आमच्यात भाकर म्हणतात. ठेचा वाढू का अजून?"

त्या निरंजननं नोकरी सोडून 'टाको ओसरी' ही मेक्सिकन खाणावळ काढली. पहिली रहाटणीत, मग पिंपळे गुरवला, मग चिंचवडला आणि चौथी चाकणला. सगळीकडं भिंतीवर सावित्रीबाईंच्या हातांचा फोटो. पीठ लागलेली बोटं, हिरव्या बांगड्या, खाली लिहिलेलं, 'मावशींच्या हातचं'. डब्यांच्या, पातेल्यांच्या झाकणावरच्या स्टिकरवरसुद्धा तेच हात. सावित्रीबाईंनी मला तो फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा लाजून म्हणाल्या होत्या, "चेहरा नाही घेतला ते बरं झालं, दात पुढं हायेत मह्ये."

खरं तर आता सगळे टॉर्टिया तळवड्याच्या शेडमध्ये मशीनवर होतात. सावित्रीबाई रहाटणीच्या दुकानात काचेमागं उभ्या राहून थापतात, लोकांनी बघावं म्हणून. करिष्मा त्याच दुकानात काउंटरवर असते. ज्योतीरामची प्रेसमध्ये तीन बोटं गेली तेव्हापासून तो घरीच आहे. घर चालतं ते या दोघींच्या पगारावर.

"परवा तळवड्याला पाठवलं मला," सावित्रीबाई सांगू लागल्या. "तिथली बाई रजेवर व्हती. तिथं एक निळं पिंप हाय. चारी दुकानांतून टेबलावरचं उरलेलं त्यात येतं. राजमा, भात, ती तांबडी चटणी, वाट्यांतली. मला वाटलं डुकरांना जात असंल. तर तिथला एक पोऱ्या झाऱ्यानं वरचं काढू लागला. पिळलेली लिंबं, दात कोरायच्या काड्या, कोणी अर्धं चावून ठेवलेलं. ते काढलं आन् बाकीचं पातेल्यात ओतलं. वरून कांदा, मसाला, पाणी."

"विकायला?" मी विचारलं.

"विकायला नाही. गिऱ्हाईक पैसे देतं, त्याला ताजं. हे दानाचं."

मला अजून उमगलं नव्हतं.

"ताई, दुसऱ्या दिवशी गुरुवार व्हता. तुमच्या दत्ताच्या देवळात आलं ना राजमा-भाताचं पातेलं? तेच ते."



आमच्या गल्लीतलं दत्ताचं देऊळ लहान आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी महाप्रसाद असतो आणि त्याचं सगळं मी बघते. तीन महिन्यांपूर्वी निरंजन स्वतः आला होता, देवापुढं वाकला होता. "काकू, प्रसाद आमच्याकडून," म्हणाला. मी खूश झाले. शिकलेला मुलगा, धंद्यात पडला तरी देवाला विसरला नाही, असं मीच चार बायकांत सांगितलं. आणि आमच्यात नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चाखत नाही. मीठ कमी असो, आंबलेलं असो, आधी देवाला. म्हणजे तीन वेळा मी त्या पिंपातलं ताट वाढलं, त्यावर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. लोकांनी चावून टाकलेलं मी दत्तासमोर ठेवलं आणि हात जोडले.

मग स्वतः वाढलं, म्हाताऱ्यांना, लेकरांना. स्वतः खाल्लंसुद्धा.

आणि मला कळायला हवं होतं. दुसऱ्या महिन्यात माझ्या पानात दात कोरायची काडी निघाली होती. टोकाला चघळलेली. मी ती बोटानं बाजूला सारली आणि गप्प बसले, कारण प्रसादाला नावं ठेवू नयेत असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या काडीचं टोक मला पुलावर उभं असताना जिभेवर जाणवलं. उपासाचं पोट रिकामं होतं. तरी मी कठड्यावरून वाकले. पाण्याशिवाय काही पडलं नाही. सावित्रीबाईंनी पाठीवरून हात फिरवला, तोच फोटोतला हात, आणि मला त्या हाताचीही क्षणभर शिसारी आली. ते त्यांना कळलं असावं. हात काढून घेतला.

"निरंजनला विचारलंत?" मी तोंड पुसत म्हटलं.

"विचारलं ना. म्हटलं, अरे, उष्टं हाय हे. तर हसला. म्हणे, मावशी, उकळलं की सगळं मरतं. वाया घालवण्यापेक्षा गरिबांच्या पोटात गेलेलं काय वाईट? आन् मोबाइलवर फोटो दाखवला. तुमच्या पंगतीचा. तुम्ही वाढताय."

मी त्या फोटोत हसतेय, हे मला आठवलं. कुंकू मोठं लावलं होतं त्या दिवशी.

आम्ही चालू लागलो. चिंचवडचा रस्ता गाड्यांनी भरला होता, पण मला हॉर्न ऐकू येत नव्हते. चौक ओलांडल्यावर मी म्हटलं, "मी त्याला फोन करते. पुढच्या महिन्यापासून आमची सोय झालीय म्हणते. तुमचं नाव येणार नाही."

सावित्रीबाई थांबल्या. "मग ते पातेलं कुठं जाईल?"

मी पिशवीतून काढलेला फोन परत आत टाकला.

"दुसऱ्या देवळात जाईल. नाहीतर बालवाडीत. पाठवायला त्याला जागा कमी हाय का? आन् झाकणावर हात मह्ये."

"अहो, पण तुमची नोकरी जाईल. करिष्माचीही. ज्योतीरामभाऊ घरी. कोण देणार लगेच काम?"

"रात्री बोलले त्यांच्याशी. ते म्हणले, मह्यी बोटं गेली तर कंपनीनं निदान विचारलं, कोणत्या हाताची. तुह्ये हात न विचारता लावलेत." सावित्रीबाई जरा हसल्या. "करिष्मा रडली. मग म्हणली, आत्या, मी बी चार दिवसांपूर्वी तळवड्याला गेले तवा पिंप पाहिलं व्हतं. बोलले नाही."

त्यांनी पायाखालचा खडा बाजूला केला. लांबवर देवळाचा कळस दिसत होता.

"ताई, तुम्ही फोन नका करू. येऊ द्या पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी पातेलं. निरंजन येईलच फोटो काढायला. तुम्ही ताट वाढू नका, तुळस ठेवू नका. आरतीआधी तुम्ही माइकवर सूचना सांगता ना, चपला नीट लावा, पंगतीत गडबड करू नका? त्या टायमाला माइक मह्या हातात द्या. म्या सांगते सगळ्यांना. तुम्ही नुसतं, कोणी ओढायला आलं, तर माइकची वायर काढू देऊ नका."